मेल सर्व्हरचे जुने बॅकअप: काय ठेवलं, काय उडवलं, कसं ठरवलं

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या बॅकअपच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या पेटीवर) जागा इतकी कमी उरली की रात्रीचे जॉब एकामागून एक फेल व्हायला लागले. चाकण एमआयडीसीतली, वाहनांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. ड्रॉइंग, शेड्यूल, डेबिट नोट, रिजेक्ट झालेल्या मालाचे फोटो, सगळा व्यवहार मेलवर. मेल सर्व्हर आमच्याच सर्व्हर रूममध्ये, मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजचा. २०१६ ची आवृत्ती चालू होती आणि २०१० चा जुना सर्व्हर अजून काढलेला नव्हता. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं की नव्वद दिवसांपलीकडचे बॅकअप उडवले की प्रश्न मिटला. ते काम माझ्याकडे आलं आणि मी त्याला नकार दिला. जुनं आवरायला माझी हरकत नव्हती. तारीख बघून आवरायला होती.

एक्सेलच्या फाइलची जानेवारीतली प्रत एकटी उघडते, तिला दुसऱ्या कशाची गरज नसते. मेल डेटाबेसचा मंगळवारचा बॅकअप मात्र बहुतेक वेळा एकटा उघडत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. एक्स्चेंजमध्ये आलेलं मेल आधी ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये उतरतं आणि मग सवडीने डेटाबेसच्या मोठ्या फाइलमध्ये, म्हणजे ईडीबीमध्ये जातं. जुन्या पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचे आणि नंतर खतावणीत घालायचे, तसंच हे. खतावणी खराब झाली तर मागची धड प्रत काढायची आणि तिथून पुढची रोजकीर्द पुन्हा खतवत यायचं. पण रोजकीर्दीचं मधलंच एक पान नसेल तर त्याच्या पुढे जाता येत नाही, मग पुढची शंभर पानं कितीही शाबूत असोत.

२००७ च्या आवृत्तीपासून एक लॉग फाइल १ एमबीची असते. त्यामुळे गजबजलेल्या सर्व्हरवर या फाइली दिवसाकाठी हजारांनी तयार होतात. फुल बॅकअप ईडीबी आणि सोबतचे लॉग उचलतो आणि यशस्वी झाला की ज्यांची आता गरज नाही ते लॉग सर्व्हरवरून काढून टाकले जातात. इन्क्रिमेंटल बॅकअप फक्त मधल्या काळातले लॉग उचलतो आणि तोही मागचे लॉग साफ करतो. डिफरन्शियल लॉग उचलतो, पण साफ करत नाही. ही साफसफाई झाली नाही तर लॉगची डिस्क भरते, डेटाबेस आपोआप डिसमाउंट होतो, म्हणजे बंद पडतो, आणि सगळ्या कंपनीचं मेल ठप्प. म्हणजे मेल सर्व्हरवर बॅकअपची दोन कामं असतात: आपत्तीसाठी प्रत ठेवणं आणि रोजच्या रोज सर्व्हर चालता ठेवणं. पहिलं काम नीट होतंय की नाही हे महिनोन्महिने कोणाला कळत नाही. दुसरं बिघडलं तर सकाळी साडेनऊला फोन वाजायला लागतात.

आता नव्वद दिवसांचा नियम लावून बघा. समजा शनिवारी रात्री फुल, रविवार ते शुक्रवार इन्क्रिमेंटल. नव्वदीची रेघ नेमकी मंगळवारवर आली. स्क्रिप्टने शनिवारचा फुल, रविवार आणि सोमवार उडवला. मंगळवार ते शुक्रवार शिल्लक राहिले. त्यांनी जागा अडवलेलीच आहे, यादीत ते हिरवे दिसतात, आणि त्यांच्यातून एकही मेल काढता येणार नाही, कारण ज्या ईडीबीवर ते लॉग चालवायचे ती ईडीबीच गेली. काही बॅकअप सॉफ्टवेअर ही साखळी ओळखतात आणि अवलंबून असलेले सेट शिल्लक असेपर्यंत फुल उडवू देत नाहीत. आमच्याकडे साफसफाई सॉफ्टवेअरच्या बाहेरची एक स्क्रिप्ट करत होती. आधीच्या सपोर्ट एजन्सीने ती लिहिली होती आणि ती फक्त फाइलची तारीख बघायची.

म्हणून पहिल्यांदा काहीही न उडवता यादी केली. माझ्यासोबत काम करणारा मुलगा नुकताच रुजू झाला होता. त्याने विचारलं, "सर, रिपोर्टमध्ये सगळे जॉब सक्सेसफुल आहेत. मग यादी कशाला?" मी म्हटलं, "जॉब सक्सेसफुल म्हणजे कॉपी झाली. रिस्टोअर होईल असं त्यात कुठं लिहिलंय?" पुढे त्याच मुलाने ही यादी माझ्यापेक्षा बारकाईने केली. प्रत्येक सेटसमोर लिहायचं: कोणता डेटाबेस, कोणत्या आवृत्तीचा सर्व्हर, फुल की इन्क्रिमेंटल, पहिला लॉग कोणता, शेवटचा कोणता, आणि हा सेट कोणत्या फुलवर उभा आहे. यातला लॉगचा क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो कोणत्याही रिपोर्टमध्ये सरळ मिळत नव्हता. फाइलींच्या नावांवरून काढावा लागला. नावातला आकडा हेक्साडेसिमलमध्ये असतो, म्हणजे १२३४५ क्रमांकाच्या लॉगच्या नावात ३०३९ दिसतं. एकदा सवय झाली की नजरेला त्रास होत नाही.

यादी भरत गेलो तशी दोन गोष्टी उघड झाल्या. फुल गेलेले अनाथ इन्क्रिमेंटल निघाले, ते अपेक्षितच होते. दुसरी गोष्ट मात्र गंभीर होती. एका काळापासून पुढे प्रत्येक रात्रीच्या दोन सेटमध्ये खंड होता. सोमवारच्या सेटचा शेवटचा लॉग आणि मंगळवारच्या सेटचा पहिला लॉग लागोपाठचे असायला हवेत. तसे ते नव्हते, मधले कित्येक लॉग कुठेच नव्हते. एका रात्री नाही, रोज.

उत्तर सर्व्हरवरच सापडलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ईएसई (एक्स्चेंजचं डेटाबेस इंजिन) या स्रोताचा २२४ क्रमांकाचा इव्हेंट लॉग पुसल्याची नोंद करतो आणि पुसण्यासारखं काही नसेल तर २२५ येतो. आमचा बॅकअप रात्री अकराला. पण २२४ ची आणखी एक नोंद पहाटे दोनच्या सुमाराला दिसत होती. डेटाबेसच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, शेवटच्या फुल बॅकअपची वेळ पाहिली, तीही पहाटे दोनचीच, आणि वार आठवड्यातला कोणताही. आमचा फुल तर फक्त शनिवारी. मग लक्षात आलं की व्हर्च्युअल मशीनचे इमेज बॅकअप, म्हणजे अख्ख्या मशीनची प्रत, घ्यायला जे दुसरं सॉफ्टवेअर आलं होतं, त्यात मेल सर्व्हरसाठी ॲप्लिकेशन-अवेअर पर्याय सुरू होता. ते दर पहाटे एक्स्चेंजला कळवत होतं की फुल बॅकअप झाला, आणि एक्स्चेंज बिचारा इमानदारीने लॉग साफ करत होता. अकरा ते दोन या वेळातले लॉग आमच्या साखळीत कधी आलेच नाहीत. इमेज बॅकअपमध्ये त्या रात्रीची ईडीबी होती, पण इमेज थोड्याच दिवसांच्या ठेवायच्या असं धोरण होतं. म्हणजे त्या काळातल्या कोणत्याही आठवड्यात आम्ही शनिवारच्या फुलपासून पहिल्या खंडापर्यंतच येऊ शकलो असतो. बुधवार-गुरुवार मिळालाच नसता. आणि दोन्ही सॉफ्टवेअरचे रिपोर्ट पूर्ण हिरवे.

ज्यांच्याकडे एकाच मेल डेटाबेसवर दोन बॅकअप चालतात त्यांनी हे आजच तपासावं. लॉग साफ करण्याचा हक्क एकाच बॅकअपला द्यायचा आणि दुसऱ्याला कॉपी प्रकारावर ठेवायचं. कॉपी बॅकअप लॉगला हात लावत नाही. आम्ही इमेज बॅकअप कॉपीवर नेला, त्याच रात्री नवा फुल घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून क्रमांक जुळायला लागले.

साखळी तुटण्याचं आणखी एक ठिकाण आमच्या नोंदींत होतं आणि ते सापडायला वेळ लागला. २०१० वरून २०१६ वर मेलबॉक्स हलवताना लॉगचा नुसता पूर येतो, कारण हलवलेलं प्रत्येक मेल नव्या डेटाबेसमध्ये नव्याने लिहिलं जातं. डिस्क भरू नये म्हणून त्या दिवसांत सर्क्युलर लॉगिंग चालू करतात, म्हणजे सर्व्हर जुने लॉग बॅकअपची वाट न पाहता पुसत राहतो. हे करायला हरकत नाही, सगळे करतात. पण सर्क्युलर लॉगिंग चालू असताना इन्क्रिमेंटल चालत नाही, आणि ते बंद केल्यावर लगेच फुल घेतला नाही तर पुढची साखळी हवेत सुरू होते. ईडीबी ऑफलाइन डीफ्रॅग केली (बंद ठेवून आतली रिकामी जागा काढली) किंवा दुरुस्तीच्या कमांडने उघडली तरी तसंच होतं. डेटाबेसची सही, म्हणजे आतली ओळखखूण, बदलते आणि आधीचे लॉग तिच्यावर चालत नाहीत. आता आमच्या रजिस्टरमध्ये अशा प्रत्येक घटनेपाशी आडवी रेघ मारलेली आहे. रेघेच्या वरचं एक कुटुंब, खालचं दुसरं.

यादी झाली तेव्हा उडवायचं काय ते आपोआपच दिसलं. अनाथ इन्क्रिमेंटल आणि खंडाच्या पुढचे इन्क्रिमेंटल. त्यांतले काही अगदी अलीकडचे होते, नव्वद दिवसांच्या नियमाने ते राहिले असते. आणि जे फुल त्या नियमाने पहिल्या फटक्यात गेले असते, त्यांतल्या बऱ्याच फुलमधून अजून मेल निघत होतं. डायरेक्टर साहेबांना मी एकच तक्ता दाखवला: एका बाजूला सेटचं वय, दुसऱ्या बाजूला त्यातून काय परत मिळेल. ते म्हणाले, "म्हणजे आपण कचरा सांभाळत होतो आणि माल फेकणार होतो." मी मान हलवली. निरुपयोगी सेट गेल्यावर पुढचे काही महिने पुरेल इतकी जागा झाली. अपेक्षेपेक्षा थोडी कमीच झाली म्हणा. नॅसवर डीडुप्लिकेशन होतं, म्हणजे सारखा डेटा एकदाच साठवला जायचा. अशा स्टोरेजमध्ये सेट उडवला तरी फक्त त्याच्या एकट्याचे ब्लॉक सुटतात, तेही सफाईचा जॉब चालल्यावर. डिलीट केल्या केल्या आकडा हलला नाही म्हणून घाबरून आणखी उडवत सुटू नये.

पण जे ठेवलं ते खरंच परत येतं का, हे कागदावर कळत नाही. त्याच सुमाराला अकाउंट्सच्या मॅडम आल्या. एका ग्राहकाशी डेबिट नोटवरून वाद चालू होता. परचेसमधल्या एका गृहस्थांनी मान्यतेचं मेल पाठवलं होतं, आणि ते नोकरी सोडून जाताना मेलबॉक्स रिकामा करून गेले होते. एक्स्चेंजमध्ये पुसलेली मेलं मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवस आणि काढून टाकलेला मेलबॉक्स ३० दिवस परत मिळवता येतो. दोन्ही मुदती कधीच उलटल्या होत्या. मॅडमना तारीख नक्की माहीत होती, एका आठवड्यातला गुरुवार. आम्हाला यापेक्षा चांगली परीक्षा मिळाली नसती, कारण गुरुवार म्हणजे फुल आणि त्यावरचे सगळे इन्क्रिमेंटल, मधे कुठेही खंड नको.

चालू डेटाबेसच्या जवळही न जाता वेगळ्या ड्राइव्हवर शनिवारचा फुल उतरवला आणि त्यामागून रोजचे लॉग एकाच फोल्डरमध्ये ओळीने. मग ईएसईयूटिल या एक्स्चेंजच्या डेटाबेस तपासायच्या साधनाची /एमएच कमांड चालवून हेडर पाहिलं. स्थिती "डर्टी शटडाउन", म्हणजे काही लॉग अजून चढायचे बाकी. नव्या माणसाचा जीव इथे खाली-वर होतो, पण चालू सर्व्हरवरून घेतलेल्या बॅकअपची ईडीबी अशीच असणार. त्याच हेडरमध्ये "लॉग रिक्वायर्ड" या ओळीत कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचे लॉग लागणार ते दशमान आणि हेक्साडेसिमल अशा दोन्ही रीतींनी दिलेलं असतं. ती किमान गरज. तेवढे लॉग असले की डेटाबेस उघडतो, आणि त्यापुढचे जितके सलग लॉग असतील तितकं आपण पुढे येतो. /एमएल चालवून लॉगची मालिका तपासली. मग /आर चालवून लॉग डेटाबेसवर चढवले. मधला लॉग गायब असता तर इथेच उणे ५२८ ची त्रुटी आली असती. ती आली नाही. हेडर पुन्हा पाहिलं: "क्लीन शटडाउन".

पुढचं सरळ आहे. पॉवरशेलमधून रिकव्हरी डेटाबेस तयार केला, त्याचा रस्ता या उतरवलेल्या ईडीबीकडे दिला आणि माउंट केला. हा डेटाबेस वापरणाऱ्यांना दिसत नाही, त्यात नवं मेल येत नाही, आउटलुकमधून तो उघडत नाही. तो फक्त मेल काढून घेण्यासाठी असतो, आणि एका सर्व्हरवर एका वेळी असा एकच माउंट करता येतो. त्यातला त्या गृहस्थांचा मेलबॉक्स शोधला आणि न्यू-मेलबॉक्स-रिस्टोअर-रिक्वेस्ट देऊन एका वेगळ्या मेलबॉक्समधल्या वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घेतला. गुरुवारचं मेल मिळालं, अटॅचमेंटसकट. मॅडमनी ते वाचलं, प्रिंट काढली आणि एवढंच म्हणाल्या, "तारीख बरोबर आहे." माझ्यासोबतच्या मुलाचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. त्याने पहिल्यांदा आपल्या हाताने साखळी जोडून पाहिली होती.

/पी या कमांडबद्दल इथेच स्पष्ट लिहायला हवं. डेटाबेस डर्टी आहे, एखादा लॉग सापडत नाही, आणि कोणीतरी सुचवतं की /पी मारा, लगेच उघडेल. उघडतोही. पण ही कमांड जी पानं तिला समजत नाहीत ती टाकून देते. काय टाकलं ते मेलबॉक्सच्या मालकाला महिन्यांनी कळतं. लॉग शोधण्याचे सगळे मार्ग खुंटल्यावर, मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून, प्रतीवरच ती चालवावी. त्याआधी नाही.

मग आला मुदतीचा प्रश्न: किती वर्षं ठेवायचं? आयटीने हे एकट्याने ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. मी कंपनी सेक्रेटरी आणि सीए यांना एका टेबलावर बसवलं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचर्स मागच्या ८ आर्थिक वर्षांची जपावी लागतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. मेल म्हणजे हिशेबाचं पुस्तक नव्हे, पण पुस्तकातल्या नोंदीला आधार देणारा कागद अनेकदा मेलच्या पोटातच असतो. त्यावरून कोणीतरी म्हणालं, "मग बॅकअपच ८ वर्षं ठेवा ना."

यावर मात्र मी अडून बसलो. डेटाबेसचा बॅकअप ही सर्व्हर पुन्हा उभा करायची सोय आहे. ८ वर्षांनी कोणाला सर्व्हर उभा करायचा नसतो, त्याला एक मेल हवं असतं. त्या एका मेलसाठी टेप हवी, टेप वाचणारा ड्राइव्ह हवा, त्या काळचं बॅकअप सॉफ्टवेअर हवं, एन्क्रिप्शनची किल्ली हवी, आणि त्याच आवृत्तीचा चालू एक्स्चेंज सर्व्हर हवा. यातली एक गोष्ट नसली की बाकीच्या चारांचा उपयोग नाही. शिवाय त्या टेपमध्ये नको असलेलंही सगळं असतं: लोकांचे बायोडेटा, बँक खात्यांचे तपशील, दवाखान्याची कागदपत्रं. ते विनाकारण वर्षानुवर्षं साठवून ठेवणं मला तेव्हाही योग्य वाटत नव्हतं. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्या मताला बळ आलं. बैठकीत शेवटी ठरलं ते असं: बॅकअप कमी मुदतीचा, आणि व्यवहाराची मेलं वेगळ्या आर्काइव्हमध्ये जास्त मुदतीची.

राहिल्या कपाटातल्या जुन्या टेप, एलटीओ-५ च्या (एलटीओ हा बॅकअपच्या चुंबकीय टेपचा प्रकार, आकडा त्याची पिढी), २०१० च्या सर्व्हरच्या वर्षअखेरीच्या. आणि इथे घाई करून तीन निर्णय एकदम होऊ घातले होते. जुना टेप ड्राइव्ह कुरकुरत होता, तेव्हा नवा एलटीओ-८ घ्यायचा. २०१० चा सपोर्ट संपत आलेला, तेव्हा तो सर्व्हर काढून टाकायचा. जुन्या टेप मात्र "असू द्यात कपाटात". तिन्ही निर्णय वेगवेगळे पाहिले तर बरोबर आणि एकत्र पाहिले तर टेपचं प्लास्टिक करणारे. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचू शकत. एलटीओ-८ फक्त एकच पिढी मागे जातो, ७. एलटीओ-५ ची टेप त्यात घातली तर वाचलीच जाणार नाही. आणि वाचली असती तरी २०१० ची ईडीबी २०१६ च्या सर्व्हरवर माउंट होत नाही. रिकव्हरी डेटाबेसला त्याच आवृत्तीचा सर्व्हर लागतो.

म्हणून क्रम उलटा लावला. आधी टेप, मग २०१० चा सर्व्हर, मग ड्राइव्ह. एक्स्चेंज २०१० चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपणार होता, मायक्रोसॉफ्टने ती तारीख पुढे १३ ऑक्टोबर २०२० केली. त्या वाढीव महिन्यांचा आम्हाला खरोखर उपयोग झाला. टेप एन्क्रिप्ट केलेल्या होत्या. त्यांचा पासफ्रेझ अकाउंट्सच्या तिजोरीत बंद पाकिटात जपलेला मिळाला. ज्याने तो तिथे ठेवला त्या आधीच्या सहकाऱ्याला मी फोन करून धन्यवाद दिले. टेपची आधी कॅटलॉग वाचून घ्यायची, मग त्या वर्षाची ईडीबी २०१० च्या सर्व्हरवर उतरवायची, हेडर, लॉग, क्लीन शटडाउन, रिकव्हरी डेटाबेस. रिकव्हरी डेटाबेसमधून थेट पीएसटी (आउटलुकची मेलं साठवायची फाइल) काढता येत नाही. मेलबॉक्स आधी एका चालू मेलबॉक्समध्ये उतरवावा लागतो आणि तिथून एक्सपोर्ट करावा लागतो. एक्सपोर्टचा अधिकार ॲडमिनलाही आपसूक नसतो, "मेलबॉक्स इम्पोर्ट एक्सपोर्ट" हा रोल स्वतःला द्यावा लागतो. हे माहीत नसलं की कमांडच सापडत नाही आणि माणूस चक्रावतो.

सगळे मेलबॉक्स काढले नाहीत. सेक्रेटरींनी विभाग ठरवून दिले: अकाउंट्स, परचेस, विक्री, गुणवत्ता. एका टेपवर मध्येच वाचन अडखळलं आणि त्या वर्षाची एक ईडीबी चेकसमला उणे १०१८ देऊ लागली, म्हणजे पानावरचा मजकूर आणि त्याची चाचणीसंख्या जुळत नाहीत. त्या वर्षाची दुसरी टेप ऑफिसबाहेर ठेवलेली होती, तिच्यावरून तो डेटाबेस धड निघाला. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवायचा खर्च दरवर्षी बजेटमध्ये कापला जाता जाता वाचत आला होता. त्यानंतर कोणी त्याला हात लावला नाही.

एक्सपोर्ट तपासून झाल्यावर टेप डीगॉस करायला, म्हणजे जोरदार चुंबकाने पुसायला, दिल्या. एलटीओच्या टेपवर कारखान्यातच सर्वो ट्रॅक, म्हणजे ड्राइव्हला रस्ता दाखवणाऱ्या खुणा, लिहिलेले असतात. डीगॉस केल्यावर तेही जातात आणि टेप पुन्हा कधीच वापरता येत नाही, त्यामुळे एकदा दिली की परतीचा रस्ता नाही. म्हणून प्रत्येक टेपच्या नोंदीवर सेक्रेटरी, अकाउंट्स आणि आयटी अशा तिघांच्या सह्या घेतल्या. मग २०१० चा सर्व्हर रीतसर अनइन्स्टॉल केला.

रोजची व्यवस्था आता अशी चालते. शनिवारी फुल, बाकी दिवस इन्क्रिमेंटल, नॅसवर चार आठवड्यांच्या पूर्ण साखळ्या, महिन्याचा फुल टेपवर एक वर्ष. साफसफाईची स्क्रिप्ट नव्याने लिहिली. ती फाइल बघत नाही, साखळी बघते: फुल आणि त्याचे सगळे इन्क्रिमेंटल एकत्रच जातात, तेही त्याच डेटाबेसची पुढची साखळी पूर्ण, लॉगमध्ये खंड नसलेली आणि तपासलेली असेल तरच. अट पुरी झाली नाही तर ती काहीच उडवत नाही आणि मेल पाठवते. जागा कमी पडली तरी नाही. जागेचा निर्णय माणसाने घ्यायचा. दर महिन्याला एक रिस्टोअर करून बघतो आणि तारीख आम्ही निवडत नाही, दुसऱ्या विभागातलं कोणीतरी सांगतं. ती शनिवारची नसावी एवढीच अट. नुसता फुल उघडून पाहिला तर इन्क्रिमेंटलबद्दल काहीच कळत नाही. आठवड्याच्या मधलं एक ठरावीक मेल हाती लागलं तरच चाचणी पास.

जागेबद्दल एक गैरसमज वारंवार भेटतो, लोक म्हणतात वापरणाऱ्यांना जुनं मेल पुसायला सांगा म्हणजे बॅकअप लहान होईल. मेल पुसल्याने ईडीबी लहान होत नाही, आत रिकामी पानं तयार होतात आणि पुढच्या मेलला ती वापरली जातात. फाइल खरंच लहान करायची तर नवा डेटाबेस करून मेलबॉक्स तिकडे हलवावेत आणि जुना रिकामा डेटाबेस काढावा. ऑफलाइन डीफ्रॅगपेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो, कारण लोकांचं मेल चालू राहतं. फक्त हलवताना लॉगचा पूर येणार हे धरून डिस्क रिकामी ठेवायची आणि काम संपल्यावर दोन्ही डेटाबेसचा फुल घ्यायचा.

न सुटलेलं आहे ते पीएसटीचं. आर्काइव्हचं रीतसर सॉफ्टवेअर नंतर आलं, नवी मेलं त्यात जातात, पण २०१० च्या टेपमधून काढलेलं सगळं अजून पीएसटी फाइलींतच आहे. मोठी पीएसटी बिघडायला वेळ लागत नाही. म्हणून वर्षावार तुकडे केले, प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून निघणारी ओळखसंख्या) नोंदवला, दोन जागी प्रती ठेवल्या, आणि दर वर्षी सगळ्यांचे हॅश ताडून त्यांतल्या काही आउटलुकमध्ये उघडून बघतो. त्या आर्काइव्हमध्ये चढवायच्या की मुदत संपेपर्यंत अशाच ठेवून मग नष्ट करायच्या, यावर सेक्रेटरी आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. मला त्या चढवलेल्या हव्या आहेत, कारण आज पीएसटीत शोधायला अकाउंट्सला आयटीकडे यावं लागतं. त्यांचं म्हणणं, ज्याची मुदत काही वर्षांत संपते ते नव्या ठिकाणी कशाला न्यायचं. पुढच्या बजेटच्या बैठकीत हा विषय पुन्हा आहे.